साखळी टेकेपर्यंत

आमच्या अण्णांची कंबर आणि आमची गाडी एकाच पावसाळ्यानंतर बसली, असं आई सांगायची. दोघांपैकी आधी कोण बसलं याबद्दल मात्र तिचं आणि अण्णांचं शेवटपर्यंत जमलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे आणि तिथून आमच्या अंगणात आलेला, चारही चाकांना जोर असलेला एक जुना ट्रक. वाडीत तिला रणगाडा म्हणत. आमची वाडी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पालीच्या बाजारातून निघालं की थोडा वेळ डांबर लागायचं आणि मग नुसता कातळ, त्यात पाण्याने खाल्लेल्या घळी. एसटी त्या वाटेला फिरकत नसे. त्यामुळे आंब्याच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या, शाळेचे बाक, बाळंतिणी, मुंबईहून आलेले चाकरमानी, जे काही वर यायचं नि खाली जायचं ते अण्णांच्या गाडीतून. माणसं उतरली की आधी थोडा वेळ उभ्या उभ्या कंबर धरायची आणि मग पिशव्या उचलायची. कुणी तक्रार करत नसे. सड्यावर राहायचं तर एवढं हादरायचंच, अशी समजूत होती.

अण्णांना मात्र ते दिवसभर सोसावं लागायचं. त्या दिवसांतली आमच्या घरातली सकाळ मला आवाजांनी आठवते. आधी चुलीत फुंकणीचा आवाज, मग जांभ्याचा तुकडा निखाऱ्यावर ठेवल्यावर होणारी बारीक तडतड, आणि मग माजघरातून अण्णांचं उठणं. ते उठणं म्हणजे एखादं जुनं दार उघडावं तसं व्हायचं. आई तो गरम दगड फडक्यात गुंडाळून त्यांच्या कमरेला लावायची, वर निरगुडीचा पाला बांधायची, आणि घरभर त्या पाल्याचा कडवट वास सुटायचा. त्या वासातच आम्ही तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खायचो. आजही निरगुडीचा वास आला की मला भूक लागते आणि पाठोपाठ अपराधी वाटतं. अपराधी वाटायला मला फारसं कारण लागत नाही, हे इथेच सांगून टाकतो. बायको म्हणते, शेजारच्यांची गाय आटली तरी तुम्ही दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देत नाही. त्या वेळचं कारण साधं होतं. मी वीस वर्षांचा होतो, धडधाकट होतो, आणि माझ्यासमोर माझे वडील दगडाने शेकून घेऊन गाडीवर चढत होते.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडाला धरून त्यांना सांगितलं होतं, गाडी सोडा. अण्णांनी तो फोटो त्यांच्या हातातून घेतला, स्वतः उजेडाला धरला आणि म्हणाले, "यात गाडी कुठे दिसतेय?"  रात्री जेवताना एकदम आईला म्हणाले, "गाडी सोडून मी करू काय? ओटीवर बसून पोफळं सोलू?" आई म्हणाली, "सुध्या चालवील." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटातल्या सुक्या सोड्यांकडे बघायला लागलो. गाडी मला येत होती. पण ते मला ती फक्त देवळामागच्या मोकळ्या कातळावर चालवू द्यायचे, तीही रिकामी, आणि तेव्हा स्वतः बाजूला बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे. गाडी हातातून गेली तर अण्णांचं काय राहणार, ही भीती तेव्हा माझ्या मनात बसली. ते चालवत राहिले पाहिजेत आणि त्यांची कंबरही राहिली पाहिजे. एवढंच मला हवं होतं. डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र जमत नव्हतं, म्हणून मी हसनभाईंकडे गेलो.

हसनभाई अण्णांचे शाळेपासूनचे सोबती. खाडीकाठच्या गावातले. आखातात कुठल्याशा शेखाच्या गाड्यांच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढून ते परत आले होते आणि पालीला त्यांनी गॅरेज टाकलं होतं. आमच्या गाडीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं, आणि ते अण्णांना तोंडावर सांगायचे. "वसंता, ही गाडी नाय, हे जातं हाय. वरून माणूस टाकला की खालून पीठ." येताना त्यांनी खजूर, साबण आणि गोधड्यांसारख्या जाड चादरींबरोबर एका खोक्यात दोन हवेचे शॉकअप आणले होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथे वापरातून काढलेले होते, फेकून देववले नाहीत, एवढंच. साध्या शॉकअपच्या अंगावर रबराचा फुगा असावा तसं त्याचं रूप, आणि त्या फुग्यात टायरसारखी हवा भरायची. गाडीचे स्प्रिंगचे पाटे थकलेले असले तरी हवा मागची बाजू उचलून धरते. "तिकडे वाळूच्या डोंगरावर गाडी चढते," हसनभाई म्हणाले, "आणि आत बसलेल्याच्या हातातला चहा हलत नाय." अण्णा म्हणाले, "चहा हलत नाही, तर साखर विरघळते कशी?"

पण त्यांनी गाडी दिली. मी महिनाभर त्यांच्या मागे भुणभुण लावली होती, आणि मला वाटतं कंबरही त्यांच्या मागे लागली होतीच. हसनभाईंनी जुने शॉकअप काढले, त्याच जागी, त्याच पकडींवर हे नवे बसवले, आणि दोन्हींच्या नळ्या जोडून एकाच तोंडाला आणल्या, म्हणजे हवा दोनदा भरायला नको. "माल भरलास की हवा भर, माल उतरला की हवा सोड," त्यांनी मला सांगितलं. "एवढं करशील तर तुझा बाप अजून खूप वर्षं गाडी हाकील." मला एवढंच ऐकायचं होतं. पुढचं काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी पेट्या भरल्यावर मी सायकलच्या पंपाने हवा मारली. हाताला गोळे आले. पण गाडीची खाली गेलेली शेपटी माझ्या डोळ्यांदेखत, म्हातारा काठीवर जोर देऊन उठावा तशी वर आली. सडा उतरताना अण्णा नेहमीसारखे कण्हले नाहीत. पालीच्या वळणावर म्हणाले, "बरी चालतेय." अण्णांच्या तोंडून एवढी स्तुती आईच्या मोदकांनाही कधी मिळाली नव्हती.

अडचण संध्याकाळी आली. पेट्या उतरल्या, गाडी रिकामी झाली, आणि मी हवा सोडायला वाकलो तर अण्णा म्हणाले, "काय करतोस?" मी सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "सकाळी घाम गाळून भरलीस ती? आणि फस्सकन सोडून देणार?" मी म्हटलं, हसनभाई म्हणाले. "हसनचं काय जातंय? त्याच्या शेखाकडे हवा यंत्रातून येते. इथे तुझ्या दंडातून येते." आम्ही कोकणातली माणसं. फणस खाल्ला तर आठळ्या पावसाळ्यासाठी वाळूत पुरून ठेवणार, नारळाची शेंडीसुद्धा बंबात घालणार. कष्टाने आत घातलेली चांगली हवा नुसती बाहेर सोडणं हे अण्णांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही हातून झालं नसतं. मी टोपण परत लावलं. आणि हवा भरलेली ती रिकामी गाडी घेऊन आम्ही सडा चढलो, तेव्हा ती अशी उडत होती की जुने शॉकअप बरे म्हणावेत. त्या रात्री आईला दगड दोनदा तापवावा लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच त्यावर तोड काढली. गाडी भरलेली असली की मऊ चालते, रिकामी असली की कंबर काढते, तर गाडी रिकामी चालवायचीच नाही. पालीहून परतताना ते वाटेत दिसेल त्याला बोलावू लागले. ज्यांना यायचं होतं ते आले, ज्यांना यायचं नव्हतं तेही आले. पाव्हण्यांकडे निघालेली माणसं आधी आमच्या वाडीवर येऊन मग उलटी चालत गेली, कारण अण्णांनी हाक मारली होती आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आपण कुणाचं ओझं झालो आहोत, असं त्या दिवसांत वाडीतल्या एकाही म्हाताऱ्याला वाटत नसावं. उलट, आपण बसलो म्हणून वसंताची कंबर वाचते, असं ते अभिमानाने सांगायचे.

आता साखळीचं सांगायला हवं. गाडीच्या मागच्या फळीखाली एक जाड साखळी लोंबत असे. लष्करात तिचं काय काम होतं कोण जाणे, पण आमच्याकडे ती वजनाचा काटा होती. माणसं नि माल भरत गेले की शेपटी खाली यायची, आणि साखळी कातळाला टेकून खणखणली की गाडी भरली. मग कुणी चढत नसे, चढलेला शेवटचा माणूस मुकाट्याने उतरत असे. त्यावर वाद नव्हता. अण्णांनाही कधी कुणाला नाही म्हणावं लागलं नाही, साखळीच म्हणायची. आज माझ्या मुलीच्या गाडीत पट्टा बांधला नाही की घंटा वाजते, दार नीट लागलं नाही की वाजते, मागे कुंपण आलं की वाजते. ती चिडते, पण मला ते आवाज आवडतात. आमच्या गाडीत एकच आवाज होता, आणि मी पंप मारमारून तो बंद करून टाकला होता. हवेने उचललेली शेपटी खाली येईनाच. साखळी जमिनीपासून वीतभर वर, वाऱ्यावर. "अजून टेकली नाय," खालून कुणीतरी वाकून सांगायचं, आणि आणखी दोघं चढायचे. सगळ्यांत खात्रीने हे सांगायच्या त्या तानूआत्या. नात्याने अण्णांची चुलत बहीण, पालीला भाजी विकायच्या, आणि पुढची अण्णांशेजारची जागा त्यांच्या नावावर असल्यासारखी होती. अण्णांना सगळी वाडी वसंता म्हणे, त्या एकट्या वशा म्हणत. "वशा, गाडी म्हणजे आता द्रौपदीची थाळी झाली हां," त्या म्हणायच्या, "कितीपण भर, उरतेच जागा."

गणपतीच्या आदल्या दिवशी वाडीने ठरवलं की या वर्षी सगळे गणपती रणगाड्यातून आणायचे. ठरवलं म्हणजे तानूआत्यांनी ठरवलं. पालीच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याच्या मांडवात, आमचे पाट आधीच गेलेले असत. एरवी प्रत्येक घरचा कर्ता माणूस तिथून आपला गणपती डोक्यावर घेऊन सड्याची वाट चढायचा. शाडूची मूर्ती, भिजलेली वाट, अनवाणी पाय. अण्णांनी आमच्या घरचा गणपती एकदाही दुसऱ्याच्या डोक्यावर दिला नव्हता. त्या वर्षी त्यांना वाकून तांब्या उचलता येत नव्हता, आणि त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सगळ्यांना कळत होतं. कुणी विषय काढत नव्हतं. म्हणून गाडीची कल्पना सगळ्यांनाच सोयीची वाटली. अण्णा गाडी चालवणार, म्हणजे गणपती त्यांनीच आणले. आमचा एकट्याचा नाही, सगळ्या वाडीचे. मला तर हवेच्या शॉकअपचं सार्थक झालं असं वाटलं. चतुर्थीच्या सकाळी अण्णा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला नवा पंचा गुंडाळून गाडीवर बसले.

गाडीच्या मानाने मूर्ती हलक्या, म्हणून गाडी उडू नये यासाठी माणसं हवीत. प्रत्येक गणपती मांडीवर घ्यायला एक, त्याला आधाराला एक, छत्री धरायला एक, असा प्रत्येक घराने हिशोब लावला. मी मूर्ती हिंदकळू नयेत म्हणून मावेल तेवढी हवा भरली. आमचा गणपती तानूआत्यांच्या मांडीवर, पुढे. मागे माणसं, मूर्ती, झांजा, आणि कुणाची तरी केळीची लोंगरं. कुणीतरी वाकून बघितलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. "टेकली नाय, चला."

डांबर संपेपर्यंत गाडी इतकी मऊ चालली की मागे आरती सुरू झाली. सड्याच्या पहिल्या वळणावर गाडी एका अंगाला कलली. एका बाजूचा फुगा दबला आणि त्यातली हवा, तोंड एकच असल्यामुळे, दुसऱ्या बाजूला निघून गेली, म्हणजे दबलेली बाजू आणखी दबली. हे मला नंतर हसनभाईंनी बोटाने चिखलात काढून दाखवलं. शॉकअपच्या पकडी धक्का खाण्यासाठी असतात, ओझं वाहण्यासाठी नसतात, आणि त्यांच्या शेखाच्या गाडीत बसून बसून चार माणसं बसायची, हेही तेव्हाच कळलं. त्या वेळी फक्त नारळ फुटल्यासारखा आवाज झाला, गाडी मागच्या एका अंगावर बसली, आणि आरती मध्येच थांबली. सगळे हात वर गेलेले होते, आणि सगळे गणपती त्या हातांवर होते. एकाही मूर्तीला खरचटलं नाही. त्या शांततेत साखळीचा कातळावर खणकन आवाज झाला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हां, आता भरली."

मग मागचे सगळे उतरले आणि कोण कसा हलका आहे हे सांगू लागले. एकाने आपण उपाशी असल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, मी तर नुसता छत्री धरून उभा होतो, उभ्या माणसाचं वजन लागत नाही. केळीचा धनी केळी कच्ची आहेत म्हणाला. मी खाली बसून तुटलेली पकड बघितली आणि मला राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो की यात कुणाची चूक नाही, माझीच आहे, हे सगळं मी बसवायला लावलं. मला वाटलं होतं, आता कुणीतरी रागावेल आणि मला मोकळं वाटेल. तानूआत्या मांडीवरचा गणपती सांभाळत म्हणाल्या, "तू कोण मोठा लागून गेलास रे? एवढी माणसं चढली ती काय तुझ्या सांगण्यावरनं?" लोक हसले. माझी चूकसुद्धा कुणी पूर्ण माझ्या नावावर करून दिली नाही.

पाऊस भुरभुरत होता. एकेकाने चुंबळ केली, गणपती डोक्यावर घेतला आणि वाडीची वाट धरली. दरवर्षी जायचे तसेच. झांजा लांब जात राहिल्या. आम्ही चौघं उरलो. अण्णा, तानूआत्या, मी आणि आमचा गणपती. अण्णा अजून गाडीवरच होते. ते सावकाश उतरले, धरायला गेलेला माझा हात त्यांनी बाजूला केला. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्या दाराशी आत्यांसमोर येऊन त्यांनी पाटाखाली हात घातले आणि गणपती उचलला. छातीपर्यंत आला. मग थांबला. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या.  मी मदतीला पुढे झालो नाही. झालो असतो तर ते त्यांनी मला कधीच माफ केलं नसतं, आणि नाही झालो ते मी स्वतःला पुरतं माफ केलेलं नाही. किती वेळ ते तसे उभे होते सांगता येत नाही. मग त्यांनी गणपती परत आत्यांच्या मांडीवर ठेवला, डोक्याचा पंचा सोडला, पिळून त्याची चुंबळ केली आणि म्हणाले, "सुध्या, मान खाली कर."

मूर्ती माझ्या डोक्यावर आली तेव्हा ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि मला आनंद झाला. हे लिहायला नको होतं, पण झाला. अण्णा मागून छत्री धरून चालत होते. छत्री गणपतीवर होती, आम्ही दोघे भिजत होतो. तानूआत्या कमरेवर हात ठेवून पुढे चालल्या होत्या. घळ आली की अण्णा म्हणायचे, "डावा पाय." निसरडं आलं की म्हणायचे, "टाच आधी."  वाडी दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "हसनभाई उद्या पकड डाग देऊन बसवतील." अण्णा म्हणाले, "बसवू दे. तुझा तूच बघ." पुढची दहा पावलं टाकल्यावर मला त्यातलं "तुझा तूच" कळलं: गाडी आता मला दिली होती.

आमच्याकडे गणपती दारात आला की घरची बाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते आणि तो आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, मगच उंबरा ओलांडायचा. आई तांब्या घेऊन पायरीवर उभी होती. तिने आधी अण्णांच्या पायांकडे पाहिलं, मग वर, माझ्या डोक्याकडे. तांब्या हातातच राहिला. अण्णांनी छत्री मिटली आणि बाजूला सरकले. "घाल की," ते म्हणाले, "त्याच्या पायांवर घाल. जड आहे." मला त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हणायचं होतं. पण माफी मागायची तर मान खाली घालावी लागते, आणि डोक्यावर गणपती असताना ते करता येत नाही. मी समोर बघत उभा राहिलो. आईने तांब्या कलता केला. पाणी कढत होतं, पायांना सोसेल एवढंच कढत. अण्णा पावसातून येणार म्हणून तिने ते तापवून ठेवलं होतं.